सतरा एकांची बाकी

१

चोरीला गेली होती एक वही. दोनशे पानी, तपकिरी कव्हरची, पाठीवर ४९ असा आकडा. तिच्यात कविता नव्हत्या, कुणाची पत्रं नव्हती, मृत्युपत्र तर नव्हतंच. तिच्यात एकच आकडा दोनशे वेळा भागलेला होता.

"आणि ती म्हणे मी रद्दीत घातली," समास म्हणाली.

समास म्हणजे आमच्या छापखान्यात पानं लावणारी बाई. मालक कितीही ओरडला तरी प्रत्येक पानाला दोन बोटं जास्त समास सोडते, म्हणून हे नाव पडलं. मला तिथे लाल पेन म्हणतात. मी आकड्यांची प्रुफं वाचते: बसची वेळापत्रकं, परीक्षांचे निकाल, कोष्टकांची पुस्तकं. शाळेत गणितात दोनदा आपटले होते. आकड्यांशी सूत जुळलं ते पुढे, पोटासाठी. काही संसार असे उशिरा लागतात आणि बरे टिकतात.

"कोण म्हणतं रद्दीत घातली?"

"अण्णा. सासरे. काल मी दिलेला पाण्याचा ग्लास परत पाठवला त्यांनी. भरलेला. म्हणाले, या हातचं नको."

"आणि तुझा नवरा काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? टेबलफॅन आहे तो. एकदा त्यांच्याकडे मान, एकदा माझ्याकडे."

मला हसू आलं, पण तिला आलं नाही. तिच्या खुर्चीखाली एक बॅग होती.

"सहाच्या बसनं लेकीला घेऊन आईकडे जातेय," ती म्हणाली. "परत यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. ताई, तुम्ही जगाच्या चुका शोधता ना? माझी शोधा. सापडली तर निदान मान खाली घालून तरी जाईन. ही अशी अधांतरी मान घेऊन कुठे जाऊ?"

घड्याळात अकरा वाजले होते. मी पेनाला टोपण लावलं.

२

घर स्वच्छ होतं. एका घरात दोन बायका एकमेकींना दाखवण्यासाठी केर काढतात, तसं स्वच्छ. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल आणि टेबलामागे अण्णा. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस. पाठ अजून सरळ होती, पण उजवा हात थरथरत होता, आणि तो त्यांनी डाव्या हाताखाली दाबून धरला होता. ओठ कोरडे पडले होते.

"प्रुफं वाचता म्हणे," ते म्हणाले. "मग हे वाचा."

समोरच्या भिंतीवर कागद चिकटवलेला होता. त्यावर जाड शाईत:

११११११११११११११११

मी बोटानं मोजायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी पसंती दिसली.

"सोळाच आहेत," मी म्हणाले.

"सतरावा कडेच्या पट्टीखाली गेलाय. पट्टी चिरंजीवांनी लावली." त्यांनी उसासा टाकला. "सतरा एक, ओळीनं. हा आकडा कशानं भागला जातो का, एवढाच प्रश्न आहे माझा. दोन एक घ्या: अकरा. मूळ संख्या, कुणानं भाग जात नाही. एकोणीस एक घ्या, तीही मूळ. तेवीस, तीही. मग सतराच्या पदरात काय आहे? मला तो मूळ वाटतो. पण वाटणं म्हणजे मोजणं नव्हे."

"आजकाल फोनला विचारलं तर—"

"फोनला विचारायचं नाही. पुस्तकात उत्तर बघायचं नाही. या घराचा नियम आहे तो."

बायको गेली त्या वर्षी त्यांनी हा आकडा हातात घेतला होता. त्याला भाग जायचाच असेल तर तो ठरावीक प्रकारच्याच मूळ संख्येनं जाऊ शकतो: चौतिसानं भागल्यावर एक उरणाऱ्या. अशा संख्या त्यांनी जुन्या कोष्टकातून उतरवून घेतल्या आणि लहानापासून एकेक लावून बघायला सुरुवात केली. दिवसाला तीन. रविवारी सुट्टी. एका भागाकाराला एक पान. दहा वर्षांहून जास्त झाली होती. पावणेदहा हजारांवर पानं, पन्नास वह्या, आणि एकाही पानावर बाकी शून्य आली नव्हती.

"एकटेच करता?"

"छे! एकानं मोजलेला तो अंदाज. दोघांनी वेगवेगळं मोजून जुळलं तर ते माप. हे आमच्या मोजणी खात्यातलं पहिलं वाक्य आहे." त्यांनी आतल्या दाराकडे हनुवटी केली. "बहीण आहे माझी. ती आत बसते, मी इथे. मध्ये दार. एकमेकांचा कागद बघायचा नाही. झालं की मी माझी बाकी मोठ्यानं सांगतो. ती म्हणते 'जुळली'. नाही जुळली तर दोघांनी पुन्हा करायचं."

"वही गेल्याचं कधी कळलं?"

"काल. गुरुवारी. गेल्या आठवड्यात तीनदा जुळली नाही, आणि तिन्ही वेळा चूक माझी. हाताचं असं झाल्यापासून..." त्यांनी तो हात टेबलाखाली घेतला. "रविवारी जेवताना सगळ्यांसमोर, जेवायला आलेल्या जुन्या मित्रासमोरही, सांगितलं, आता मागच्या वह्यांना ताळा करून बघणार. शेवटून सुरुवात. बुधवारी पन्नासावी तपासून संपली. काल एकोणपन्नासावी काढायला गेलो, तर जागा रिकामी. आणि बुधवारी हिनं रद्दीवाल्याला बोलावलं होतं. महिनाभर घोषा लावला होता, या कपाटात लेकीची पुस्तकं ठेवायची म्हणून. एकदा तर म्हणाली, या वह्या एक दिवस रद्दीतच जाणार."

"म्हणाले होते," दारातून समास म्हणाली. "रागात म्हणाले होते. रागात माणूस खूप काही म्हणतो. तुम्हीही काल म्हणालात."

अण्णांनी खिडकीकडे तोंड केलं. टेबलावर आजचाही ग्लास भरलेला तसाच होता. वर धूळ पडू नये म्हणून कुणीतरी त्यावर बशी झाकली होती.

मी कपाट उघडलं. त्याला कुलूप नव्हतंच. अठ्ठेचाळीस वह्या ताठ उभ्या होत्या, पन्नासावी तिरकी टेकलेली. मला पहिली गोष्ट खटकली ती ही. रद्दीत घालायची तर माणूस ढिगाचा ढीग घालेल. कपाट रिकामं व्हावं म्हणून कुणी पन्नासातली एकच वही नेत नाही, आणि तीही नेमकी ज्या दिवशी उघडली जाणार त्याच्या आदल्या दिवशी.

कुणाला तरी वही नको होती असं नाही. तिचा ताळा झालेला नको होता.

३

बाहेरच्या खोलीच्या आतल्या दारापलीकडे, स्वयंपाकघराला लागून, अण्णांच्या बहिणीची, म्हणजे आत्यांची खोली होती. कॉट, ट्रंक, खुर्ची, आणि खिडकीच्या कडेवर टोक केलेल्या पाच पेन्सिली, सारख्या उंचीच्या. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, अण्णांहून चार वर्षांनी लहान. लग्न केलं नव्हतं. तेही त्यांनी मी न विचारता सांगून टाकलं. लोक शेवटी तिथेच येतात, म्हणाल्या, तेवढाच वेळ वाचतो.

"बोला," त्या खुर्चीत ताठ बसत म्हणाल्या. तीस वर्षं कानाला यंत्र लावलेल्या माणसाचं 'बोला'.

"वही कुणी घेतली असेल?"

"सूनबाईनं घेतली असं मी म्हणत नाही."

"नाही घेतली असं म्हणता?"

"तसंही म्हणत नाही. मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी जोडून देत नाही."

"या घरात किती वर्षं आहात?"

"दहा वर्षं, सात महिने. वहिनी गेली तेव्हा दोन महिन्यांसाठी आले होते." त्यांनी साडीवरचा नसलेला धागा झटकला. "दादा तेव्हा जेवत नव्हता. बोलत नव्हता. एक दिवस येऊन म्हणाला, तुला भागाकार येतो का अजून? म्हटलं, का नाही येणार? त्यानं मला एक पेन्सिल दिली."

"कंटाळा नाही आला?"

त्या इतक्या सरळ बघायला लागल्या की विचारल्याची मलाच लाज वाटली.

"बाई, या घरात सकाळचा चहा सूनबाई करते, भाजी माझा भाचा आणतो. पोरीचा अभ्यास पोरीची आई घेते. चार वाजता मात्र दादा हाक मारतो, 'आहेस का गं?' आणि मी म्हणते, 'आहे.' तुम्हाला दिवसातून एकदा तरी असं कुणी विचारतं का?"

मला कुणी विचारत नाही. पण तपास माझा नव्हता.

निघताना मी म्हटलं, "अण्णांचा एक जुना मित्र रविवारी जेवायला होता म्हणे?"

"साखळी. समोरच्या गल्लीत राहतो." कडेवरून उचललेल्या पेन्सिलीचं टोक त्यांच्या बोटात मोडलं. "त्याला कशाला विचारता? त्याला गणितातलं काय कळतं?"

इतका वेळ न पाहिलेलं न जोडणाऱ्या बाईनं पहिल्यांदाच एक लाइन तोडली होती.

४

साखळीकाका तीस वर्षं अण्णांच्या मोजणीची साखळी धरून पुढे चालले होते. अजूनही एक पाऊल पुढे टाकून थांबायची सवय होती, मागचा येतो का बघायला.

"वही मी चोरली असं तो म्हणतोय का?" त्यांनी आनंदानं विचारलं.

"नाही. सून चोर ठरली आहे."

आनंद मावळला. "अरे, ती पोर? चार महिन्यांपूर्वी त्याच्या आजारपणात बेडपॅन कुणी धरलं होतं, म्हणावं. मुलानं?"

"काका, त्या वहीत काय असेल?"

ते उठून दार लावून आले. मग शर्टाच्या खिशातल्या पाकिटातून चौकोनी घडीचा जुनाट कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"नियम त्याचा होता, माझा नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी मी उत्तर बघितलं. एका मिनिटात मिळालं. तेव्हापासून खिशात घेऊन फिरतोय. त्याला कधी सांगितलं नाही. आपला दोस्त रोज चालतोय, तर गाव किती लांब आहे ते आपण कशाला सांगायचं? चालू दे."

घडीत एकच आकडा होता: २०७१७२३.

"यानं भाग जातो. नि:शेष. तुमचे सतरा एक मूळ नाहीत."

 भिंतीवरचा तो कागद, त्या तपकिरी पाठी, सगळं एकदम हलल्यासारखं झालं.

"दर महिन्याला मी त्याला सहज विचारायचो, कुठवर आलास? तो सांगायचा, मी मनात वजाबाकी करायचो. चार महिन्यांपूर्वी म्हणाला, वीस लाख एकाहत्तर हजारांवर आलो. म्हटलं, आला! आता आठवड्यात फोन येणार. नवा शर्ट घालून बसलो होतो, तुम्हाला सांगतो." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "फोन आला नाही. पुढच्या रविवारी भेटला तर म्हणतो, वीस लाख बाहत्तर हजार."

"म्हणजे तो आकडा ओलांडला."

"ओलांडला. दोघांनी मिळून. आणि दोघांनाही दिसला नाही."

५

परत येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले. डोकं चालायला पाय चालावे लागतात माझे.

छापखान्यात महत्त्वाचं कोष्टक असलं की दोघांना वाचायला देतात, वेगवेगळं. मीही चुका सोडते, दुसराही सोडतो. पण तेवीस वर्षांत एक गोष्ट मी कधी पाहिली नाही: दोघांनी वेगवेगळं बसून एकच चुकीचा आकडा लिहिलेला. चुकायला हजार वाटा असतात. दोन माणसं न ठरवता एकाच खड्ड्यात पडत नाहीत.

त्या दिवशी अण्णांची बाकी शून्य आली असती तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणजे त्यांची चुकली. थरथरता हात, चार महिन्यांपूर्वीचं आजारपण, समजण्यासारखं आहे. त्यांनी चुकीची बाकी मोठ्यानं सांगितली. आणि आतून आवाज आला, 'जुळली'.

कशाशी जुळली?

दारात समास उभी होती, लेकीच्या केसांना रबर लावत. साडेतीन वाजले होते.

"एक सांग," मी म्हटलं. "या घरात वह्या किती?"

"पन्नास. एक गेली, एकोणपन्नास."

टेबलाशी अण्णा. "किती वह्या, अण्णा?"

"पन्नास."

टेबलफॅन सोफ्यावर होता. त्यानंही मान हलवून पन्नासच सांगितलं.

मी आतल्या दाराशी गेले. "आत्या, अण्णांच्या पन्नास. आणि तुमच्या?"

आत्या खुर्चीतून उठल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं."

"तुमची एकोणपन्नासावी बघू?"

त्यांनी ट्रंकेचं झाकण अर्धंच उघडलं, हात आत घातला, वही काढली, झाकण लावलं. पेन्सिलीतलं बारीक, सरळ अक्षर. मी पानं उलटत २०७१७२३ वर आले. दहा पायऱ्यांचा भागाकार. खाली लिहिलेलं: भागाकार ५३६३२२२३५७, बाकी ५५७२९६.

नवाचा ताळा मला झोपेतही येतो. आकड्यातले अंक मिळवत जायचं, नऊ झाले की टाकून द्यायचे. सतरा एक: सतरा, म्हणजे एक आणि सात, आठ. भाजकाचे उरतात चार. भागाकाराचे दोन. चार दुणे आठ. म्हणजे भाजक आणि भागाकार यांनीच आठ भरून निघतात. बाकीसाठी जागाच उरत नाही. बाकी शून्य हवी, फार तर नवाच्या पटीतली. ५५७२९६ चे उरतात सात. आठ आणि सात पंधरा, म्हणजे सहा. आणि सहा म्हणजे आठ नव्हेत.

मी पान खिडकीकडे धरलं. पाच लाख सत्तावन्न हजारांच्या खाली, खोडरबरानं घासून पातळ झालेल्या कागदात, एक गोल वळ होता.

"भागाकार खरा आहे," मी म्हटलं. "खोटी आहे ती फक्त शेवटची ओळ."

आत्यांनी ट्रंकेवर हात ठेवला, लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

६

"शून्य आलं होतं," आत्या म्हणाल्या. "दादाच्या आधी. मी पेन्सिल खाली ठेवली. हाक मारणार, तेवढ्यात त्यानं बाहेरून बाकी सांगितली. पाच लाख सत्तावन्न हजार दोनशे शहाण्णव. आणि माझ्या तोंडून 'जुळली' निघून गेलं. दहा वर्षांची सवय, बाई."

"सवय एका दिवसाची. पुढचे चार महिने?"

त्या उत्तर शोधत होत्या असं नाही, उत्तर त्यांच्याजवळ केव्हाचं होतं. फक्त ते कधी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं.

"त्या रात्री मी वरचा आकडा बघत बसले. भागाकार. म्हटलं, ठीक आहे, सतरा एक फुटले, पण आता हा दुसरा तुकडा तपासायला लागेल. पाचशे कोटींच्या वर आहे. तो मूळ आहे की नाही, बघू. वर्षं जातील. मी इतकी खूश झाले! आणि मग लक्षात आलं." त्या हसल्या. "त्याला भाग जायचा असेल तर त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजारांच्या आतल्याच कुणानं तरी जायला हवा. आणि त्या सगळ्या संख्या आम्ही सतरा एकांना लावून झाल्या होत्या. पहिल्या तीन वह्यांत. ज्यानं तुकडा फुटतो त्यानं आख्खाही फुटला असता. म्हणजे तो तुकडा मूळ आहे. तपासायला काहीच नाही. दहा वर्षं आम्ही नुसत्या बाक्या काढल्या असं वाटत होतं, पण त्या बाक्यांनी दुसऱ्याची साक्ष आधीच देऊन ठेवली होती. एका क्षणात सगळं संपलं. एक पानसुद्धा उरलं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी दोन महिन्यांसाठी आले होते." त्यांनी खोलीकडे बघितलं: कॉट, खुर्ची, पाच पेन्सिली. "आकडा संपला की मी इथे कोण? नातीला अभ्यासाला खोली हवीच आहे. कुणी जा म्हणणार नाही. फक्त चार वाजतील आणि कुणी हाक मारणार नाही."

 पण बाहेर एक बॅग भरलेली होती.

"आत्या, तुम्हाला राहायचं होतं म्हणून ती जातेय."

"वाटलं, दादा दोन दिवस रागावेल, मग म्हणेल पुन्हा करू त्या दोनशे. दोन महिने मिळाले असते."

"आणि पुन्हा शून्य आलं असतं."

"तेव्हाचं तेव्हा," त्या पुटपुटल्या. मग मान वर न करता, "ग्लासवर बशी मी झाकली होती. तेवढंच जमलं."

"तेवढं पुरत नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "पुरत नाही." आणि ट्रंक पूर्ण उघडली. त्यांच्या पेन्सिलीतल्या वह्यांच्या वर आडवी ठेवलेली, शाईतली, थरथरत्या आकड्यांची एक्कावन्नावी होती, अण्णांची. फाडायचा धीर त्यांना झाला नव्हता.

बाहेरच्या खोलीत घड्याळानं चारचे ठोके दिले. आणि सवयीनं, सगळा राग असूनही, अण्णांची हाक आली: "आहेस का गं?"

७

त्या वही घेऊन बाहेर गेल्या. टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "सूनबाईनं नाही घेतली. मी घेतली. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. पान उघड."

अण्णांनी पान उघडलं. अंक मिळवत गेले. ताळा जुळला नाही. मग त्यांचं बोट तिसऱ्या पायरीवर थांबलं. वजाबाकी करताना उसना घेतलेला एक त्यांनी परत केलाच नव्हता. दशकाच्या घरी आठ हवे होते, तिथे नऊ. तिथून पुढे सगळं वाहवत गेलं होतं.

  अण्णांनी कोरा कागद ओढला, डाव्या हातानं उजवा मनगटात धरला आणि भागायला लागले. दहा पायऱ्या. मी मागे उभी होते. शेवटच्या पायरीला वर आलं १४५०२०६१. खाली सातपट लिहिली: १४५०२०६१. एकाखाली एक, आठही अंक सारखे.

त्यांनी रेघ मारली, पण रेघेखाली काही लिहिलं नाही.

"एकानं मोजलेला अंदाज," ते म्हणाले. "दुसरं कुणीतरी करायला हवं."

आत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी बघितलं नाही. मुलगा फोन काढत म्हणाला, "अण्णा, मी एका सेकंदात—" आणि वडिलांचा चेहरा बघून फोन खिशात ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी प्रुफं वाचते," मी म्हटलं. "मजकूर घरच्यांनी लिहायचा."

उरली एकच. ती दारात उभी होती, बॅग खांद्याला लावून.

त्यांना तिला हाक मारायला किती वेळ लागला ते मी घड्याळात बघितलं नाही. साखळी धरून आयुष्यभर जमिनी मोजल्या, पण हे अंतर मोजायला त्यांच्याकडे माप नव्हतं.

"सूनबाई," शेवटी ते म्हणाले. "एक भागाकार करशील?"

समासनं बॅग खाली ठेवली. कागद घेतला, आत्यांच्या खोलीत गेली, दार लोटलं. पंधरा मिनिटं पेन्सिलीचा आवाज. मग आवाज थांबला.

नियमाप्रमाणे आधी अण्णांनी सांगायचं होतं. त्यांनी नाही सांगितलं. त्यांना आता कुणाचं नुसतं 'जुळली' नको होतं.

"बाकी?" त्यांनी विचारलं.

दार उघडलं. तिच्या एका हातात कागद होता, दुसऱ्या हातात ताज्या पाण्याचा ग्लास. तिनं ग्लास टेबलावर ठेवला, त्यांच्यासमोर, झाकण न घालता.

"आधी पाणी प्या," ती म्हणाली.

खोलीत सगळे उभे. अण्णांनी ग्लास दोन्ही हातांनी उचलला. थोडं शर्टावर सांडलं. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"शून्य," समास म्हणाली.

त्यांनी रेघेखाली गोल काढला. मग आत्यांची वही मागवून घेतली, स्वतःचं खोडरबर तिच्यावर ठेवलं आणि बहिणीच्या दिशेनं सरकवली. आत्यांनी ती खोटी ओळ पुसली. पुसताना कागद फाटला.

सहाची बस गेली. तिच्यात समास नव्हती. लेकीनं विचारलं, "आपण आजीकडे जाणार होतो ना?" तर तिची आई म्हणाली, "वेळापत्रकात चूक होती."

माझ्या वेळापत्रकात चूक नव्हती. पण मी तिथे लाल पेन चालवलं नाही.

८

सोमवारी ती छापखान्यात वेळेवर आली. मी दुपारपर्यंत दम धरला.

"काय चाललंय घरी?"

"अण्णांनी भिंतीवरचा कागद काढला. खाली भिंत पांढरी निघाली. तिकडेच बघत बसतात." तिनं पानाला दोन बोटं समास सोडला. "शनिवारी चार वाजले. कुणी हाक मारली नाही. आत्या खोलीत बसून होत्या, दार उघडं ठेवून. काल रविवार. आज काय होतंय बघू."

"तू बोलतेस त्यांच्याशी?"

"नाही," ती म्हणाली. "दोन दिवस मी चोर होते ताई, आणि त्या बघत होत्या. इतक्यात नाही जमायचं मला."

"जमायलाच हवं असं नाही."

तिनं पुढचं पान उघडलं.

"काल सकाळी त्यांची बॅग भरलेली दिसली कॉटवर. मी काही बोलले नाही. त्या अंघोळीला गेल्या तशी उचलली आणि माळ्यावर टाकली, पार मागे, पंख्याच्या खोक्यामागे." तिनं स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "बाहेर आल्या, बॅग शोधली, वर बघितलं. मग शिडी शोधायला लागल्या."

"मग?"

"शिडी सापडत नाहीये. कालपासून सगळं घर शोधतंय. अण्णासुद्धा उठलेत शोधायला." आणि तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मात्र येऊ नका हं ताई, शोधायला."